टाकीच्या चढावर कोणी उतरायचं

३ फेब्रुवारी, सोमवार

ओट्यावर पाण्याला पह्यले आले ते सिराजभाई, अन् तिथंच मी चक्रावले. सिराजभाई कधी पह्यले येत न्हाईत अन् कधी शेवटी बी येत न्हाईत. ते मधात येतात, चार जणांच्या घोळक्यात, सायकल हातात धरून, गुडघ्याला शिव्या देत. आज एकटेच आले. ते बी बसून. पाण्याच्या टाकीचा अख्खा चढ सायकलीवर बसून आले अन् कपाळावर घामाचा टिपूस न्हाई. मी अंगण झाडून राह्यले होते. मला वाटलं रस्त्यात काही अपघात बिपघात झाला. झाडू तसाच हातात धरून इचारलं, भाई, बाकीचे कुठं हायेत. तर ते बी मागं वळून बघून राह्यले. म्हणले, होते तर माझ्या मागंच.

झालं असं की त्यांच्या साजियानं, म्हणजे त्यांची लेक, शाळेत शिकवती ती, तिनं त्यांना बॅटरीची सायकल घेऊन दिली. दिसायला सायकलच. पायडल हाय, दांडीत बॅटरी, मागच्या चाकात मोटर. मोबाईलसारखी वायर लावून ठिवायची. पाय नुसते हलवायचे, बाकी सगळं गाडी बघून घेती. डॉक्टर म्हणले होते की गुडघ्याच्या वाट्या झिजल्या, आता चढ चालायचा न्हाई अन् पायडलला जोर बी द्यायचा न्हाई. मंग जोर कोणी द्यायचा, तर मोटरनं. मला लई आवडली. घंटीच्या जागी हॉर्न हाय, तो मी दाबून बघितला. ओट्यावर मालक चहा पीत होते, ते दचकले अन् बशीतला सगळा चहा लेंग्यावर.

मालक म्हणजे आमचे हे. नाव लिहित न्हाई, सवय न्हाई.

इतक्यात बाकीचे आले. आदिनाथचा शर्ट पिळून घ्यावा असा. कल्याणला तर बोलताच येईना, त्यानं रांजणाकडं नुसतं बोट दाखवलं. शेवटी नंदाबाई आली, ती मात्र चालत, सायकल हातात, रोजच्यासारखी. तिला काही झाल्यालं नव्हतं.

मी म्हणलं, बाप्यांची शर्यत लागली वाटतं. कोणी हसलं न्हाई.

४ फेब्रुवारी, मंगळवार

आज बी तसंच. आदिनाथची चेन चढावर तुटली.

ही डायरी बियाणाच्या कंपनीची हाय. माझी नात आकांक्षा नांदेडला नर्सिंग शिकती, तिनं कोणाकडून तरी मागून आणली. म्हणली, आज्जी, तू दिवसभर बोलती, त्यातलं थोडं लिहीत जा म्हणजे आबाच्या कानाला सुट्टी. मी केदारखेड्याच्या शाळेत चौथीपर्यंत गेले. निकाल आणायला घरातलं कोणी गेलंच न्हाई, म्हणून पास का नापास ते मला आजपर्यंत माहीत न्हाई. पर लिहिता येतं. दर पानाखाली शेतीचा सल्ला छापल्याला हाय. आमच्याकडं शेत न्हाई, अंगणात एक मोसंबीचं झाड हाय, तेवढ्यापुरता वाचते.

तर चढाचं सांगत होते. वीस वरसं झाली, ही सायकलवाली मंडळी जुन्या जालन्यातून निघती, कोणी सळईच्या मिलीत, कोणी बियाणाच्या गोदामात कामाला. टाकीच्या चढाशी आली की सगळी खाली उतरती, सायकली धरून गप्पा मारत वर येती, माझ्या ओट्यावर पाणी पिती अन् पुढं जाती. आता ह्यांना बसून यायचं खूळ कामून लागलं, म्हणून आदिनाथला इचारलं. हा गोदामात हाय, दोन लेकरांचा बाप झाला तरी चेष्टा सुटली न्हाई त्याची. पर आज सरळ बोलला. म्हणला, आज्जी, उतरायचं कसं, मोठं माणूस बसल्यालं हाय ना.

तेव्हा ध्यानात आलं. ह्यांचे कायदे हायेत, अन् ते काढले आमच्याच मालकांनी. मालक मिलीच्या दरवाज्यावर हजेरी लिहायचे. चाळीस वरसं सायकलीवर गेले. कायदे असे की चढाला मोठा उतरला की सगळ्यांनी उतरायचं. मोठा बसल्याला असला तर धाकट्यानं उतरायचं न्हाई, न्हाईतर मोठ्याला खोळंबून राहावं लागतं. बसल्या माणसानं चालत्या माणसाच्या बाजूनं गप्पा हाणत जायचं न्हाई, ते घोड्यावरच्या साहेबावानी दिसतं. अन् ओट्यावरून निघताना पह्यली टांग मोठ्यानं टाकायची, मंग बाकीच्यांनी. मालक घरी बसले तेव्हापासून मोठे म्हणजे सिराजभाई.

एक शिवाजी दूधवाला तेवढा कायद्याच्या बाहेर होता. दोन्हीकडं कॅन लटकावल्याल्या, उतरला तर परत बसता येत नव्हतं. तो बसून जायचा अन् बाकीचे त्याच्या भवती चालायचे. वझंवाल्याला माफ, असं मालकच म्हणायचे. त्याच्या दुधात पाणी लई असायचं, पर तो वेगळा विषय.

नंदाबाईला इचारलं, तू कशी उतरती मंग. ती म्हणली, मावशी, हे कायदे केले तेव्हा मला कोणी इचारलं नव्हतं.

६ फेब्रुवारी, गुरुवार

सिराजभाई आज एकटेच दहा मिनिटं बसले. त्यांचं एक बरं हाय, ते ऐकून घेतात. मी त्यांना आकांक्षाच्या होस्टेलमधल्या पोळ्यांचं सांगितलं, मंग पाण्याचं. आमच्या गल्लीला नळ आला त्याला आज तिसरा दिवस, आता परत कधी येईल ते नळालाच माहीत.

मंग ते म्हणले, भाभी, पोरांना घाई कशाची असती हो. माझ्या मागं असे जोर लावून येतात, असा श्वास चालतो त्यांचा, मला वाटतं मी रस्ता अडवून राह्यलो. हॉर्न वाजवून बाजूला व्हायला सांगावं तर ते बरं दिसत न्हाई. म्हणून मी नंबर वाढवतो अन् पुढं निघून जातो.

त्या गाडीला नंबर असतात, पंख्यासारखे. एकावर हळू, पाचावर एकदम सुसाट. भाई पाचावर येतात.

मी म्हणलं, बराबर केलं. कोणाच्या आड येऊ न्हाई.

पोरं आली तर कल्याणच्या तोंडाचा रंग बदलल्याला. चाळीशी उलटली हाय त्याची, पोट हाय. तो रागानं म्हणला, काकू, भाई तर एकावरून पाचावर नेतात गाडी. आम्ही मागं हाओत हे काय त्यांना ऐकू येत न्हाई? मी म्हणलं, ऐकू येतं ना, म्हणून तर पळवतात. त्यानं पेला आपटून ठिवला. गडी तापट हाय. मी तर चांगलंच सांगितलं होतं.

८ फेब्रुवारी, शनिवार

मंडळी आज वीस मिनिटं लवकर. साडेसहाच्या जागी सहा वाजून दहा. अन् चालत आली, हसत खेळत, पह्यल्यासारखी. कल्याण म्हणला, आता आम्ही ह्याच टायमाला येणार, पाय तरी शाबूत राहतील.

सिराजभाई त्यांच्या टायमाला आले. रांजणाखालचा ओला डाग बघितला. म्हणले, येऊन गेले? मी म्हणलं, गेले की, सहा दहालाच आल्ते. भाई म्हणले, टाइम बदलला अन् मला सांगायचं विसरले वाटतं. मी म्हणलं, विसरलेच असतील, आजकालची पोरं, तुम्ही सोमवारी सहा दहाला या.

त्यांना बरं वाटलं. मला बी बरं वाटलं.

१० फेब्रुवारी, सोमवार

सिराजभाई सहा दहाला बराबर चढाच्या पायथ्याशी. म्हणजे पोरांना परत बसून यावं लागलं. कल्याणनं पाणी पिलं अन् भाईंचा पेला अजून हातात असताना सायकलीवर टांग टाकून निघून गेला. मालकांनी ते बघितलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मालकांचं असंच हाय, जिथं बोलायचं तिथं गप, अन् भाजीत मीठ कमी पडलं तर दोन दिवस पुरवतात.

जाताना आदिनाथनं मला हळूच सांगितलं, उद्या पाच पन्नासला.

११ फेब्रुवारी, मंगळवार

पाच पन्नासला दोघं बी आले, म्हणजे पोरं बी अन् भाई बी. कारण काल दुपारी साजियाचा फोन आल्ता लोणच्यासाठी, तिला मी टाइम सांगून ठिवला होता. भाईंची धावपळ नको म्हणून.

तांबडं फुटायच्या आधी माझ्या ओट्यावर पाच माणसं. मी दोनदा चहा टाकला. एवढ्या सकाळी माणसं असली की घर कसं भरल्यासारखं वाटतं. मिलीचा भोंगा सातला, हे तिथं जाऊन दरवाज्यावर बसून राहतात म्हणे तासभर.

ते गेल्यावर मालक म्हणले, तू घरात असल्यावर जालन्याला वेगळा रेडिओ लावायची गरज न्हाई. मी म्हणलं, कोणीतरी बोलायला पाहिजे ना ह्या घरात.

१२ फेब्रुवारी, बुधवार

आजचं लिहावं वाटत न्हाई, पर लिहिते.

सिराजभाई चढाच्या पायथ्याशी उतरले. पोरांसाठी. आपण उतरलो की पोरांना उतरता येतं, हे त्यांना कोणीतरी सांगितलं असंल, बहुतेक नंदाबाईनं. उतरले अन् ती सायकल ढकलत चालायला लागले. बॅटरीची सायकल लई जड असती, साध्या सायकलीच्या दीडपट तरी. अर्ध्या चढावर त्यांचा पाय वळला. कल्याणनं त्यांच्या हातातून सायकल घ्यायला हात पुढं केला, भाईंनी दिली न्हाई. मोठ्याची सायकल धाकट्यानं ओढायची ते बी ह्यांच्यात बसत न्हाई.

ओट्यावर बसले तेव्हा पायजम्यावरून दिसत होतं गुडघा किती सुजला ते. मी मोहरीचं तेल गरम करून आणलं. सगळे उभे होते अन् कोणी कोणाकडं बघून न्हाई राह्यलं. आदिनाथनं बी चेष्टा केली न्हाई, त्यावरून समजा.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

सिराजभाई दुपारी आले, साजियाच्या स्कूटीवर मागं बसून. दोन मोठे कोरे कागद आणल्ते, गुंडाळी करून. मालकांच्या समोर ठिवले.

काम असं होतं की मिलीला अर्ज लिहून द्यायचा. नोकरी सोडण्याचा. दोन वरसं बाकी हायेत त्यांची. भाईंना उर्दू लिहिता येतं, मराठी अक्षर कोंबडीच्या पायासारखं, अन् मिलीतल्या निम्म्या लोकांचे अर्ज आजपर्यंत मालकांनीच लिहिल्याले. रोजे लागायच्या आधी द्यायचा म्हणले. मंग पुण्याला शाहरुखकडं जाऊन राहायचं, त्यांचा थोरला. सहाव्या मजल्यावर घर हाय, लिफ्ट हाय, गुडघ्याला बिलकुल तरास न्हाई.

साजिया म्हणली, अब्बू, एकदा तिथं चार दिवस राहून तर बघा, तुम्हाला लिफ्टमधी कोण भेटणार. अन् डोळे पुसले. मी म्हणलं, तुझी सायकल तर चांगलीच हाय ग, सायकलीचा काही दोष न्हाई. तर ती अजूनच रडली. माझं काही चुकलं का ते कळंना.

मालक म्हणले, का रे सिराज, काय झालं.

तेव्हा भाई म्हणले, "बाबू, मी बसून गेलो तर ते मरतात. उतरलो तर मी मरतो. मंग सायकलच नको."

मालकांनी कागदाची गुंडाळी सोडून बघितली, परत गुंडाळली. मंग म्हणले, ठिव कागद, लिहून ठिवतो.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

मालकांचा चष्मा सापडंना. सगळं घर पालथं घातलं. देवघर, अंथरूण, गव्हाची कोठी. चष्म्याशिवाय अर्ज कसा लिहायचा म्हणून ते निवांत बसल्याले. भाईंना मी फोनवर तसं कळवलं. मी म्हणलं, बहात्तर वरसं झाली, इसर पडायला लागला तुम्हाला. ते हो म्हणले. कधी न्हाई ते हो म्हणले, म्हणून मला काळजी वाटायला लागली.

सकाळी मंडळी आली न् गेली. भाई मिलीच्या गाडीनं गेले म्हणे, मोठ्या रस्त्यानं. पोरं चालत आली, पर गप्पा नव्हत्या. कल्याणनं पेला धुऊन उपडा ठिवला अन् म्हणला, काकू, भाईंचा गुडघा कसा हाय. मी म्हणलं, गुडघ्याचं काय इचारतो, माणूसच पुण्याला चालला. त्याला हे माहीत नव्हतं. पायरीवर बसूनच राह्यला.

१५ फेब्रुवारी, शनिवार

चष्मा पिठाच्या डब्यात सापडला. पिठाच्या डब्यात चष्मा कसा जाईल? मालक म्हणले, मांजरीनं नेला असंल.

पर तोपर्यंत मी काम करून बसले होते. काल दुपारी मालक झोपल्यावर इचार केला, माणसाचं काम अडून राह्यलंय, आपल्याला बी लिहिता येतं. एक कागद घेतला अन् लिहिला अर्ज. माननीय साहेबांना सिराजोद्दीनचा नमस्कार, मी चांगला हाय, तुम्ही चांगले असाल. गुडघे दुखून राह्यलेत म्हणून नोकरी सोडतो, पुण्यात सहावा मजला हाय. चहाला एकदा घरी या. असा सगळा, खाली सहीला जागा सोडून. चांगला अर्धा कागद भरला.

सकाळी मालकांच्या हातात दिला, तेव्हा चष्मा सापडल्याला नव्हता बरं का. त्यांनी तो हातभर लांब धरला अन् अकरा चुका काढल्या. वेलांटी इथं न्हाई, तारीख तिथं न्हाई, कामगार नंबर न्हाई, साहेबाला चहाला बोलवत न्हाईत. मंग चार तुकडे करून चुलीपाशी ठिवले, पाणी तापवायला. चष्म्याशिवाय एवढ्या चुका दिसल्या कशा, हे मी इचारलं तर म्हणले, तुझं अक्षर मोठं हाय.

राग आला मला. चौथीचा निकाल लागला म्हणायचा, साठ वरसांनी.

दुसरा कागद शिल्लक हाय.

१७ फेब्रुवारी, सोमवार

नळ येऊन चौदा दिवस झाले. रांजणात तळाला चार तांबे. टँकरवाला फोन उचलत न्हाई.

मालक म्हणले, सिराजला फोन कर अन् सांग, उद्या खालच्या पाणीवाल्याकडून एक जार आणून दे.

मी बघतच राह्यले. वीस लिटरचा जार, अन् ते बी ज्याचा गुडघा सुजल्याला हाय त्याला सांगायचं. कल्याणला सांगा, आदिनाथ हाय, धडधाकट गडी. मालक म्हणले, त्यांच्या सायकलींवर जार राहत न्हाई. सिराजच्या गाडीवर राहतो, मागं चांगलं रुंद कॅरेज हाय. चढवायला पाणीवाला हाय, उतरवायला आदिनाथ हाय. सिराज म्हणंल मी सायकल सोडली, तर म्हणावं एक दिवस काढा, पाणी न्हाई. अन् हे तूच सांग. मी सांगितलं म्हणू नको.

बघा. स्वतःला लाज वाटती अन् तोंड माझं खराब करायचं. आजवर ह्यांनी कोणाला फुकटचं एक काम सांगितलं न्हाई, अन् म्हातारपणी हे सुचलं. पर पाणी तर पाहिजेच होतं. फोन केला. भाई म्हणले, तुम्हाला पाणी न्हाई म्हणजे आणतो भाभी.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

जार आला.

मी झाडू घेऊन फाटकातच उभी होते. आधी आवाज आला. हसण्याचा. मंग वळणावरून दिसले. सिराजभाई मधात, सायकलीवर बसल्याले, मागं निळा जार दोरीनं बांधल्याला. वझ्यानं गाडी एकदम हळू, माणूस चालतो तेवढी. अन् चारी बाजूनं मंडळी चालून राह्यली, सायकली हातात धरून. आदिनाथनं एक हात जारवर ठिवल्याला, पडू न्हाई म्हणून. कल्याण भाईंच्या उजव्या अंगाला, त्याच्या मेव्हण्याच्या लग्नाचं काहीतरी सांगून राह्यला होता, अन् भाई बसूनच त्याला उत्तर देऊन राह्यले.

मला शिवाजी दूधवाल्याची आठवण आली. कुठं असंल आता, कोण जाणे.

आदिनाथनं जार उतरवून ओट्यावर तिपाईवर ठिवला. पाणी पिले सगळे, आपलं आणल्यालं आपणच. मालक पेपर वाचत होते, पेपर तोंडासमोरून खाली घेतला न्हाई. नंदाबाई मालकांकडं बघून हसली, काय कळलं तिला कोण जाणे. निघताना कल्याण एका पायावर उभा. एक पाय जमिनीवर, एक हवेत. भाईंनी टांग टाकली, तेव्हा त्यानं टाकली.

मला तर फुकटचं वीस लिटर पाणी मिळालं. भाई म्हणले, उद्या बी आणतो.

१९ फेब्रुवारी, बुधवार

जार आला. आजच्या जारच्या वर चौघांचे डबे बी बांधल्याले. आदिनाथ म्हणला, भाई म्हणजे आता मालगाडी हायेत, आमच्या सिग्नलला थांबावं लागतं. भाई म्हणले, मालगाडीला रस्ता देतात बेटा, इचार स्टेशनावर. सहा चाळीसला आले सगळे, उजाडल्यावर, माणसासारखे.

तिपाई डुगडुगती हाय, एक पाय आखूड हाय तिचा. मालकांना म्हणलं, काहीतरी घाला खाली.

२० फेब्रुवारी, गुरुवार

नळ आला. दुपारी एकला, असा धो धो, की मी पदर खोचून धावले. टाकी भरली, रांजण भरला, पातेली, बादल्या, आकांक्षाचा लहानपणीचा टब. सगळं भरून मी अशी खूश, की लगेच सिराजभाईंना फोन लावला. म्हणलं, भाई, तुमची कटकट मिटली, उद्यापासून जार नको.

भाई म्हणले, बरं झालं भाभी. अन् मंग इचारलं, बाबूंचा चष्मा सापडला का, तो अर्ज राह्यला हाय.

मी म्हणलं, सापडला, कवाच सापडला.

संध्याकाळी मालकांना हे सांगितलं तर त्यांनी अर्धी भाकर ताटात ठिवली. वांग्याची भाजी होती, त्यांच्या आवडीची. पोट बरं न्हाई म्हणले.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

सकाळी भाई आलेच न्हाईत चढानं. मिलीच्या गाडीनं गेले. पोरं चालत आली, पाणी पिली, गेली. भरल्याला रांजण असून कोणी दुसरा पेला घेतला न्हाई.

अन् दुपारी आमच्या घरात काय झालं ते लिहिते, कारण हे मी मालकांना जलमभर ऐकवणार हाय. मी तासभर कांताबाईकडं पापड लाटायला गेल्ते. येते तर अंगणात तळं. टाकीचा खालचा नळ उघडा. पाचशे लिटर पाणी मोसंबीच्या आळ्यात, अन् तिथून गल्लीत. अन् मालक? खुर्ची टाकून सावलीत बसल्याले. ज्या माणसानं सेहेचाळीस वरसांत दाढीला एक पेल्यापेक्षा जास्त पाणी घेतलं न्हाई, तो माणूस. आंब्याच्या कोयीसारखं तोंड करून म्हणले, नळ बंद करायचा राह्यला वाटतं, इसर पडतो मला आजकाल, तूच म्हणली ना.

रांजण बी रिकामा. तो कसा, तर म्हणले, धुवायला काढला.

मी इतकी बोलले की शेजारची बाई दारात आली. मंग दमले अन् बसले. आजच्या पानाखालचा सल्ला वाचला. लिहिलंय, मोसंबीला पाणी जास्त होऊ देऊ नका.

मालक म्हणले, आता सिराजला फोन कर. पाणी न्हाई म्हणून सांग.

काय तोंडानं सांगू म्हणलं. काल नको म्हणलं, आज पाहिजे. पर केला. मी म्हणलं, भाई, आमच्या म्हाताऱ्यानं टाकी रिकामी केली हो, अख्खी टाकी, झाडाला. भाई म्हणले, अख्खी टाकी? मी म्हणलं, अख्खी. अन् ते हसायला लागले. लई दिवसांनी असे हसले, खोकला लागेपर्यंत. दुसऱ्याच्या घरचं पाणी गेलं त्यात हसण्यासारखं काय हाय, पर मी राग मानला न्हाई.

२२ फेब्रुवारी, शनिवार

आज मंडळी वाजत गाजत आली म्हणायची. भाई मधात, जार मागं, डबे जारवर, हॉर्नच्या जागी आता घंटी, साधी ट्रिंग करणारी. कल्याणनं स्वतःच्या जुन्या सायकलीची काढून बसवून दिली. म्हणला, पीं ऐकलं की माणूस नालीत उडी मारतो, घंटी ऐकली की सलाम करतो.

आदिनाथ जार उचलायला पुढं झाला, तर भाई म्हणले, थांब, आज मी ठिवतो. त्याच्या हाताला हात लावून दोघांनी उचलला. ठिवायच्या आधी भाई तिपाईकडं बघायला लागले. मालकांनी तिच्या आखूड पायाखाली कागदाची घडी घातली हाय. जाडजूड, आठ घड्यांची. मी आता नीट बघितलं तर तो भाईंचाच दुसरा कागद. कोरा. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माणसानं एवढा चांगला कागद आणून दिला अर्जासाठी, अन् ह्या माणसाला घडी घालायला दुसरं काही मिळालं न्हाई. घरात रद्दीचा ढीग पडलाय.

भाईंनी बघितलं, अन् जार बराबर त्याच्यावर ठिवला. हलवून बघितलं. तिपाई हलली न्हाई.

मंग मालकांच्या बाजूला बसले. मालक पेपरमधून म्हणले, "सिराज, चष्मा सापडला, पर मजकूर काय होता ते मी विसरलो. तुला परत सांगावं लागंल."

भाई म्हणले, "आज डबे गार होतील, बाबू. सोमवारी सांगतो."

"सोमवारी नळ आला तर?"

"तुम्ही हायेत की."

अन् दोघं असे गप बसले, जसे काही मोठं काम उरकलं. मला तर वाटतं दोघांना बी इसर पडायला लागला. एकाला मजकूर आठवत न्हाई अन् दुसऱ्याला अर्ज द्यायची घाई होती तेच आठवत न्हाई. आकांक्षा दिवाळीला आली की डॉक्टरचं इचारते. नंदाबाई तोंडाला पदर लावून हसून राह्यली होती. तिला इचारलं तर म्हणली, मावशी, तुमचं पाणी गोड हाय.

जाताना भाई म्हणले, रोजे लागले की महिनाभर पाणी पिणार न्हाई, पर बसणार. मी म्हणलं, बसा की, ओटा कुठं जातोय.

भाईंनी टांग टाकली, मंग कल्याणनं, मंग बाकीच्यांनी. नंदाबाई केव्हाच पुढं गेल्ती.

उद्या सुट्टी. सोमवारी येतो म्हणले सगळे, दोन जार घेऊन, कारण मोसंबीला लई पाणी लागतं असं मालकांनी त्यांना सांगितलंय. माझ्याशिवाय ह्या घरात कोणाच्या काही ध्यानात राहत न्हाई, म्हणून इथं लिहून ठिवते. सोमवार, चोवीस तारीख.